नामनिर्देशन, उमेदवारी, नामांकन: अर्थ काय आणि हे शब्द आले कुठून?

चाटीगल्लीकर

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेची निवडणूक लागली आहे आणि कागद तयार करायचं काम माझ्याकडे आहे. कार्यक्रम जाहीर झाला त्याच दिवशी शब्दावरून चर्चा सुरू झाली. आलेल्या नमुन्यावर 'नामनिर्देशन पत्र' छापलंय. आमचे अध्यक्ष त्याला 'उमेदवारी अर्ज' म्हणतात. ग्रुपवर एका तरुण सभासदाने 'नामांकन भरण्याची शेवटची तारीख' असं टाकलं. त्यावर एका जुन्या सभासदांनी फोन करून विचारलं, "हे तीन वेगळे कागद हायत का? तिन्ही भरायचे का?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून हा धागा काढतोय.

मला जेवढं माहीत आहे ते आधी मांडतो. नामनिर्देशन म्हणजे नाम अधिक निर्देशन. निर्देश हा 'दिश्' या धातूपासून आला. दिश् म्हणजे दाखवणे, बोट करणे. दिशा, देश, आदेश, उपदेश, संदेश ही सगळी त्याच घरातली मंडळी. संस्कृतात तर्जनीला 'प्रदेशिनी' म्हणतात ती याच धातूवरून, दाखवणारं बोट म्हणून. तेव्हा नामनिर्देशन म्हणजे एखाद्याच्या नावाकडे बोट दाखवणं, 'हा माणूस घ्या' असं सांगणं.

आता कागद उघडून बघा. आमच्या नमुन्यात वरच्या भागात सूचकाचं, म्हणजे नाव सुचवणाऱ्याचं, नाव, त्याचा मतदार यादीतला अनुक्रमांक आणि सही. त्याखाली अनुमोदकाचं, म्हणजे दुजोरा देणाऱ्याचं, तेच. जो निवडणुकीला उभा राहतोय त्याची सही या दोघांच्या खाली, 'मला हे मान्य आहे' अशा मजकुराशेजारी. म्हणजे कागद बोलतोय तो सूचकाच्या तोंडून. उभा राहणारा फक्त होकार देतोय.

'उमेदवारी अर्ज' म्हटलं की हे चित्र उलटं होतं. अर्ज म्हणजे विनंती, तीही खालच्याने वरच्याला केलेली. त्यात सूचक कुठेच दिसत नाही. मला वाटतं नामनिर्देशन हा शब्द जड असला तरी तो टिकला पाहिजे, कारण कुणीतरी दुसऱ्याने आपलं नाव पुढे करायचं असतं ही गोष्ट फक्त त्याच शब्दात आहे. तुमचं काय मत? आणि 'नामांकन'चं काय करायचं?

कन्नाचौक

मालक, शब्द चांगला आहे, पण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड. 'नामनिर्देशन' म्हटलं की निम्मे लोक गप्प बसतात. 'उमेदवारी अर्ज' मात्र विडी वळणाऱ्या आमच्या आजीलासुद्धा कळतो. लोकांना कळणारा शब्द सोडून पुस्तकी शब्द का धरायचा? सूचक लागतो हे अर्जावर लिहिलेलंच असतं की.

प्रूफवाचक

कन्नाचौक, तुमच्या म्हणण्यात वजन आहे. उमेदवार हा शब्द मराठीत इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. पण त्याचा प्रवास बघण्यासारखा आहे.

फारसीत 'उमीद' म्हणजे आशा. 'उमीदवार' म्हणजे आशा धरून असलेला. मराठीने उमेद घेताना तिच्यात जोर भरला. आपण 'उमेद खचली', 'उमेदीची वर्षं', 'उमेद आहे तोवर' म्हणतो, त्यात आशा, हिंमत आणि अंगातली रग तिन्ही आलं. उमेदवार मात्र आधी निवडणुकीचा नव्हता, तो कचेरीतला होता. इंग्रजी अमलात मामलेदार कचेरीत पुढेमागे कायम जागा मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा नावाला पगार घेऊन लिहिण्याचं काम करणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. गिरणीच्या दारात जसा बदली कामगार, तसा कचेरीच्या ओसरीवर उमेदवार. 'त्याने चार वर्षं उमेदवारी केली' या वाक्यात निवडणुकीचा वासही नाही, काम शिकत, राबत, वाट बघत काढलेली वर्षं आहेत. अजूनही एखाद्या गवयाच्या किंवा वकिलाच्या चरित्रात 'उमेदवारीचा काळ' याच अर्थाने येतो.

सभा, मंडळं, नगरपालिका आल्या, निवडणुका आल्या आणि जागेची आशा धरणारा तो उमेदवार असा अर्थ सरकला. शब्द तोच, फक्त नोकरीच्या जागेऐवजी लोकांनी द्यायची जागा.

पुढे आणखी एक झालं. उमेदवारातली 'आशा' झिजून गेली, तो नुसता तांत्रिक शब्द उरला. मग आशा धरणाऱ्यासाठी नवा शब्द लागला: 'इच्छुक'. आता पक्ष कार्यालयात 'इच्छुकांच्या मुलाखती' होतात, चौकात इच्छुकांचे फलक लागतात, आणि त्यातला एक उमेदवार होतो. फारसीत उमेदवार ज्या पायरीवर उभा होता तिथे आज आपण इच्छुकाला उभं केलंय.

सीनाकाठची

प्रूफवाचक दादा, तो जुना अर्थ गेलेला नाही बघा. माझा मुलगा आयटीआय करून चिंचोळीच्या एमआयडीसीत लागला तेव्हा त्याच्या कागदावर 'शिकाऊ उमेदवार' असंच होतं. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे ना, त्याच्यावरून. आणि आमच्या बचत गटाच्या बायकांना 'उमेद' म्हटलं की आधी ग्रामीण जीवनोन्नती अभियानच आठवतं, त्याचं नावच 'उमेद' आहे. एकाच शब्दाने मुलगा काम शिकतो, आई गट चालवते आणि सरपंचही उभा राहतो. मला तर हा शब्द फार आवडतो. बोलताना तो तोंडात येतो, नामनिर्देशन येत नाही.

अक्कलकोटी

आमच्याकडे सगळं दोन भाषांत चालतं, म्हणून कन्नडची भर घालतो. कन्नडमध्येही 'उमेदुवार' आहे, उमेदवारीला 'उमेदुवारिके' म्हणतात. म्हणजे हा फारसी पाहुणा भीमेच्या दोन्ही काठांवर सारखाच राहिला. वर्तमानपत्रात 'अभ्यर्थी' जास्त दिसतो. आणि आपण ज्याला नामनिर्देशन पत्र म्हणतो त्याला कन्नडमध्ये सरळ 'नामपत्र' म्हणतात. किती सुटसुटीत! मराठीनेही तेवढ्यावर भागवलं असतं तर कन्नाचौक यांच्या आजींना अडचण आली नसती.

'अभ्यर्थी' कसा बनला तेही बघा. अभि आणि अर्थ्, म्हणजे मागणे. विद्यार्थी विद्या मागतो, अभ्यर्थी जागा मागतो. हिंदीत 'प्रत्याशी' चालतो, त्यात प्रत्याशा म्हणजे आशा आहे, म्हणजे संस्कृत कपड्यातला उमेदवारच. लॅटिनकडे गेलं तर 'कँडिडेट'मध्ये आशाही नाही, मागणंही नाही, फक्त कपडे आहेत. 'कँडिडस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा खडूने पांढरा केलेला झगा घालून लोकांत फिरायचा, त्यावरून तो शब्द पडला. यात चाटीगल्लीकर म्हणतात तसा दुसऱ्याच्या बोटाचा उल्लेख कुठेच नाही. त्या बाबतीत नामनिर्देशन खरंच वेगळा आहे.

वकीलपेठ

धाग्याचा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून कायद्याची बाजू सविस्तर लिहितो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यातलं कलम ३३ नामनिर्देशनाचं. उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचकाने सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत पत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायचं. पत्रावर उमेदवाराची सही लागते आणि सूचक म्हणून त्या मतदारसंघातल्या मतदाराचीही. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर १ सूचक पुरतो. अपक्षाला किंवा नोंदणी असली तरी मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला १० सूचक लागतात. ही १० ची अट १९९६च्या दुरुस्तीने आली. अपक्षांची गर्दी तेव्हा फार वाढली होती. एका उमेदवाराला एका मतदारसंघात जास्तीत जास्त ४ पत्रं देता येतात.

आता चाटीगल्लीकरांच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट. लोकसभेला उभं राहायला तुम्ही सोलापूरचे मतदार असायची गरज नाही. देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं. (सोलापूर २००९पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, ती अट अर्थात पाळायची.) पण तुमचा सूचक मात्र सोलापूर मतदारसंघाचाच मतदार असावा लागतो. बाहेरून कुणीही या, पण इथल्या एका तरी माणसाने 'हे नाव घ्या' म्हणायला हवं. 'उमेदवारी अर्ज' या शब्दात ही अट ऐकूच येत नाही.

आणखी एक. १९५१च्या मूळ कायद्यात सूचक आणि अनुमोदक दोघं होते. १९५६च्या दुरुस्तीत अनुमोदक गेला. सहकारात, साहित्य संस्थांत, सभांमध्ये तो अजून आहे. राष्ट्रपतिपदासाठी तर १९९७पासून ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, उपराष्ट्रपतिपदासाठी २० आणि २०.

अनुमोदक हा शब्द मला फार गोड वाटतो. अनु म्हणजे मागोमाग, मुद् म्हणजे आनंदणे. दुसऱ्याच्या म्हणण्यात आपला आनंद मिसळतो तो अनुमोदक. गणपतीचा मोदकही त्याच मुद् धातूचा.

कन्नाचौक

वकीलसाहेब, सूचकाने नंतर 'माझी सही नाहीच' म्हटलं तर?

वकीलपेठ

तर पत्र बाद होऊ शकतं. २०२४च्या लोकसभेला सुरतमध्ये तेच झालं. एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराच्या सूचकांनी 'या सह्या आमच्या नाहीत' अशी शपथपत्रं दिली, छाननीत पत्रं बाद झाली, उरलेल्यांनी माघार घेतली आणि मतदानाआधीच एक खासदार बिनविरोध निवडून आला. लाखो मतदारांना मतच देता आलं नाही. एका सूचकाच्या सहीत एवढी ताकद असते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सूचक निवडताना नातं बघू नका, माणूस बघा. आणि सही आपल्यासमोर घ्या, घरी पाठवून मागवू नका.

कन्नाचौक

हे माहीत असूनही कधी असं जोडून बघितलं नव्हतं. शब्द जड आहे हे माझं मत कायम आहे, पण सूचक दिसायला हवा हे पटलं.

प्रूफवाचक

आता 'नामांकन'कडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

हिंदीत निवडणुकीच्या पत्राला 'नामांकन पत्र' म्हणतात आणि तिथे ते बरोबरच आहे. टीव्हीवरून, हिंदी मजकुराच्या घाईतल्या भाषांतरातून ते आपल्याकडे आलं. चित्रपट पुरस्कारांच्या बातम्यांमुळे तर पक्कं बसलं: 'अमुक चित्रपटाला पाच नामांकनं'. अडचण ही की मराठीत 'नामांकित' हा शब्द आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ प्रसिद्ध, नावाजलेला. नामांकित डॉक्टर, नामांकित शाळा, नामांकित पेढी. आता 'पुरस्कारासाठी नामांकित अभिनेत्री' असं छापलं तर वाचकाने काय समजायचं? प्रसिद्ध अभिनेत्री की जिचं नाव सुचवलंय ती? मुद्रितं तपासताना मी हे वाक्य नेहमी बदलून घेतो: 'जिचं नामनिर्देशन झालं आहे' किंवा सरळ 'जिचं नाव सुचवलं आहे'.

शिवाय जवळच 'मानांकन' उभं आहे. टेनिसमधला अग्रमानांकित खेळाडू, मालाच्या दर्जाचं मानांकन, भौगोलिक मानांकन. आपल्या सोलापुरी चादरीला मिळालंय ते हे. न आणि म यांची जागा बदलली की अर्थ पार बदलतो. चादरीला 'भौगोलिक नामांकन' असंही लिहिलेलं मी पाहिलंय. म्हणून 'नामांकन' निवडणुकीच्या सूचनेत नको, असं माझं ठाम मत आहे.

पण या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटतो तो 'पुरस्कार'. आज तो बक्षीस झालाय. मुळात 'पुरस्' म्हणजे पुढे आणि 'कृ' म्हणजे करणे: पुढे करणे, पुढे ठेवणे. 'स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला' या वाक्यात मूळ अर्थ जिवंत आहे, 'पुरस्कर्ता'मध्येही. आणि राजकारणात तो अगदी शुद्ध राहिलाय: 'पक्ष पुरस्कृत अपक्ष'. त्याला कुणी बक्षीस दिलेलं नसतं, त्याला पुढे केलेलं असतं. नाव पुढे करणं यासाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. फक्त आता तो त्या कामाला मोकळा राहिलेला नाही.

विजापूरवेस

आमच्या घरी उर्दू. त्यातही उमेदवार तोच, 'उम्मीदवार'. पण पत्राला 'कागजात-ए-नामजदगी' म्हणतात. नामजद म्हणजे ज्याच्यावर नाव ठोकलंय, नावाचा शिक्का बसलाय असा. फारसीत 'जदन' म्हणजे मारणे, ठोकणे.

गंमत म्हणजे इराणात 'नामजद' उमेदवारालाही म्हणतात आणि ज्याचा किंवा जिचा साखरपुडा झालाय त्यालाही. दोघांचंही नाव कुणासाठी तरी लागलेलं असतं.

हा शब्द मराठीला नवा नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या लिखाणात 'नामजाद' येतो. एखाद्या सरदाराची मोहिमेवर किंवा कामावर नेमणूक करणं म्हणजे त्याला नामजाद करणं. म्हणजे नावाकडे बोट दाखवायची कल्पना मराठीत आधीपासून होती, फक्त बोट तेव्हा दरबाराचं होतं. मतदारांनी नाव सुचवायचं ही गोष्ट नंतरची.

चाटीगल्लीकर

विजापूरवेस, फार मोलाची भर घातलीत. त्यावरूनच एक सांगावंसं वाटतं. दरबाराचं बोट पूर्ण गेलेलं नाही. राज्यघटनेच्या ८०व्या अनुच्छेदाने राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नेमतात, त्यांनाही नामनिर्देशित सदस्यच म्हणतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे, मामा वरेरकर, लता मंगेशकर हे सगळे त्या वाटेने गेले. विधान परिषदेवर राज्यपाल १२ जण नेमतात. महापालिकेत 'स्वीकृत' नगरसेवक असतात, त्यांना सभागृहात बोलता येतं पण मत देता येत नाही. म्हणजे एका अर्थी नामनिर्देशन निवडणुकीची पहिली पायरी आहे आणि दुसऱ्या अर्थी तिथे निवडणूकच नाही. बोलीत लोकांनी हा गुंता छान सोडवलाय: 'राज्यपालनियुक्त आमदार', 'स्वीकृत नगरसेवक'. ऐकताक्षणी कळतं.

तिसरा अर्थ आमच्या पतसंस्थेत रोज दिसतो. ठेवीच्या अर्जावर 'नामनिर्देशन' असा रकाना असतो, म्हणजे ठेवीदाराच्या पश्चात पैसे कुणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव. काउंटरवर सगळे त्याला 'वारस' म्हणतात आणि तिथे नुकसान होतं. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, त्यामुळे ती आपोआप मालक होत नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच तसं सांगितलं होतं. सख्ख्या भावंडांची भांडणं या एका शब्दापायी आमच्या काउंटरवर आली आहेत. त्यामुळे ठेवीच्या अर्जावर 'वारस' लिहू नका, असं मी नव्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. बोट दाखवलंय, वाटणी केलेली नाही.

होटगीरोड

'तिकीट' राहिलं की मालक! सोलापुरात कुणी विचारत नाही 'नामनिर्देशन झालं का?' विचारतात, 'तिकीट मिळालं का बे?'

प्रूफवाचक

हो, तेही महत्त्वाचं आहे. हे तिकीट अमेरिकेतून आलं. तिथे एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्षच आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी छापून वाटत आणि मतदार ती पेटीत टाकत. त्या चिठ्ठीला तिकीट म्हणत. आपण ते घेतलं आणि एसटीच्या तिकिटासारखं वापरायला लागलो: मिळतं, कापलं जातं.

वकीलपेठ

आणि कागदावरचं तिकीट म्हणजे 'एबी फॉर्म'. त्यातला 'ए' सांगतो की पक्षातर्फे सही करायचा अधिकार कुणाला आहे, 'बी' सांगतो की पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण. दोन्ही शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचावे लागतात. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर मोबाइल कानाला लावून उभी असलेली माणसं पाहिली की समजायचं, एबी अजून वाटेत आहे. ग्रामपंचायतीला हे काही नाही, ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असतं.

सीनाकाठची

आणि तिथे सूचक म्हणजे शेजारचा माणूस. गेल्या वेळी माझी जाऊ उभी राहिली तेव्हा सूचक कोण यावरून भावकीत बोलणी झाली. ज्याने सही केली त्याला पाच वर्षं लोकांनी विचारलं, 'तू नाव दिलं होतंस, रस्ता का नाही झाला?' चाटीगल्लीकर अण्णांचं म्हणणं मला आत्ता नीट पटलं. शब्द येवो न येवो, गावात सूचकाला जबाबदार धरतातच.

चाटीगल्लीकर

ताई, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

सूचना फलकासाठी असा मजकूर केलाय, बघून सांगा:

'नामनिर्देशन पत्रे (उमेदवारी अर्ज) कार्यालयीन वेळेत संस्थेच्या कार्यालयात मिळतील व स्वीकारली जातील. हा एकच कागद आहे. त्यावर एक सूचक व एक अनुमोदक यांच्या सह्या आवश्यक. दोघेही संस्थेचे मतदार सभासद असावेत. सूचक म्हणजे नाव सुचवणारा, अनुमोदक म्हणजे त्याला दुजोरा देणारा.'

कन्नाचौक

एक नंबर. याचं तेलुगू मी करून देतो, आमच्या भागातल्या शाखेत तेही लावा.

अक्कलकोटी

कन्नड माझ्याकडे. 'नामपत्र' असंच लिहितो.

प्रूफवाचक

'आवश्यक'नंतर 'आहेत' घाला, वाक्य अर्धवट वाटतं. आणि तारखा मजकुराच्या खाली नको, वर ठळक अक्षरांत घ्या. लोक आधी तारीख बघतात.